पिवळा रंग कुणी घालवला

“बांगड्या काढ,” हुपरीकर सर म्हणाले.

मला आधी वाटलं, ते दुसऱ्याच कुणाला म्हणाले. मी मागं वळून पाहिलं. मागं धैर्यशील खराडे उभा होता आणि त्याच्या हातात बांगड्या असण्याचं काही कारण नव्हतं.

“तुलाच म्हणतोय, ज्ञानदा. बांगड्या, घड्याळ, अंगठी असेल तर तीही. आणि बाह्या कोपराच्या वर घे.”

“कशासाठी सर?”

“कशासाठी ते तुला चांगलं ठाऊक आहे.”

भर दुपारची वेळ होती. प्रयोगशाळेत आम्ही सहा जण पीएच.डी. करणारे आणि सातवे सर. पंखा सुरू असूनही खोलीत स्पिरिटचा वास दाटला होता. बाकीचे चौघे आपापल्या टेबलावर मान खाली घालून बसले होते. इतकं मन लावून त्यांना काम करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. महाद्वार रोडवरच्या कासारणीनं तो हात दाबदाबून भरला होता आणि “आता सहजासहजी निघायच्या न्हाईत बघ” असं कौतुकानं म्हणाली होती. मी सिंकपाशी गेले, हाताला साबण लावला आणि एकेक बांगडी ओढायला लागले. ते सिंक वर्षभर तुंबलेलंच होतं. त्याची जाळी कधीच गायब झाली होती आणि पाणी असं काही रेंगाळत जायचं की, हात धुणाऱ्याला वाटावं आपणच काही गुन्हा केलाय. डाव्या हातातली शेवटची बांगडी निघेना. मी जोर लावला आणि ती वाढली. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. बोटाला काच लागून थोडं रक्त आलं.

सरांनी सगळ्या बांगड्या एका काचेच्या बशीत ठेवायला लावल्या आणि ती बशी स्वतःकडे ओढून घेतली. पोलीस जप्त केलेला माल ओढून घेतात तशी.

“हात दाखव. दोन्ही बाजूंनी. नखं.”

मी नखं दाखवली. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की, बोटाचं रक्त त्यांच्या पांढऱ्या कोटाला पुसावं असं वाटलं. आज या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं झाली. मी स्वतः आता मुलांना शिकवते. पण तो राग अजून जसाच्या तसा आहे. मी तो घालवायचा प्रयत्नही केलेला नाही.

सरांना माझ्या नखांत काय सापडायला हवं होतं, ते सांगायचं तर आधी आमचं काम सांगायला हवं.

नायट्रोफिनॉल नावाचा एक पदार्थ असतो. त्यात बोरोहायड्राइड घातलं की, गर्द पिवळं पाणी तयार होतं. हळदीचं पाणीच म्हणा. ते तसंच ठेवलं तर दिवसचे दिवस पिवळंच राहतं. पण त्यात योग्य उत्प्रेरक चिमूटभर टाकला, तर क्षपण होतं आणि बघता बघता पिवळा रंग जाऊन पाणी नितळ होतं. त्या नितळ पाण्यात जे तयार होतं, त्यापासून पुढे तापाच्या गोळ्या करता येतात. आमचा उत्प्रेरक म्हणजे एक काळीभोर पावडर होती. तिचा कण डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक, आतून लोखंडाच्या ऑक्साइडचा आणि वरून पॅलॅडियम या महागड्या धातूचा. काम पॅलॅडियम करायचं आणि आतलं लोखंड सोबतीला असायचं ते परतीसाठी. काम झालं की फ्लास्कला बाहेरून लोहचुंबक लावायचा. सगळी पावडर काचेला येऊन चिकटायची. पाणी ओतून द्यायचं, पावडर धुवायची आणि पुन्हा नव्या पिवळ्या पाण्यात टाकायची. एकच पावडर जितक्या जास्त फेऱ्या चालेल, तितकी तिची किंमत मोठी.

माझी पावडर अकरा फेऱ्या चालली होती. अकराव्या फेरीलाही पहिल्या फेरीइतकीच ताजी. सरांनी डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले होते आणि निबंध छापायला एका नियतकालिकाकडे पाठवलाही होता. तिकडून एका तज्ज्ञानं एवढंच विचारलं की, दुसऱ्या कुणाच्या हातून हे करून पाहिलंय का? सरांनी माझी पावडर धैर्यशीलला दिली. त्याच्या हातून ती दोन फेऱ्या चालली आणि तिसरीला तिनं मान टाकली. पाणी पिवळंच. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मग सरांच्या मनानं जिकडे जायचं तिकडेच धाव घेतली. ही पोरगी दर फेरीला गुपचूप नवी पावडर मिसळते.

आता सरांबद्दल. माणूस हुशार होता, हे मी त्यांच्यावर रागावूनही म्हणते. पण संशय त्यांच्या अंगात भिनलेला. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असायची. ड्रॉवर बंद करताना फटीत एक केस ठेवून जायचे आणि सकाळी आल्यावर आधी तो केस बघायचे. प्रयोगशाळेत काही हरवलं की, ते हरवलं असं त्यांना कधी वाटायचंच नाही, ते चोरीला गेलेलं असायचं. आणि हरवण्यात आमच्याकडे पहिला नंबर होता नीडलचा. नीडल नाव असलं तरी त्यात सुईसारखं काही नव्हतं. औषधाच्या कॅप्सूलएवढी पांढरी, गुळगुळीत वस्तू, आत लोहचुंबक आणि वरून प्लास्टिकचं टणक आवरण. ती फ्लास्कमध्ये टाकायची, फ्लास्क मशिनवर ठेवायचा, बटण फिरवलं की ती आत गरगर फिरून पाणी घुसळते. रोज सगळ्यांना लागणारी वस्तू आणि दर महिन्याला एखादी तरी गायब.

“या खोलीत एक चोर आहे,” सर दर वेळी म्हणायचे. शेवटी एक दिवस त्यांनी नियमच काढला. “ज्यानं त्यानं आपल्या नीडलवर खूण कोरायची. आणि दुसऱ्याची खूण असलेली नीडल ज्याच्याकडे सापडेल, त्याचं रजिस्ट्रेशन त्याच दिवशी रद्द. मग तो कुणी का असेना.”

आम्ही कर्कटकाची टोकं घेऊन बसलो. कुणी एक रेघ मारली, कुणी फुली. मला माझ्या नावाचा पहिल्यापासून जरा जास्तच अभिमान. मी त्या एवढ्याशा वस्तूवर ‘ज्ञ’ कोरला, गाठीसकट, शेपटीसकट. दुपार गेली त्यात. धैर्यशीलनं मार्कर पेननं एक ठिपका दिला आणि तो चहाला गेला. ठिपका दुसऱ्याच दिवशी स्पिरिटनं पुसला गेला.

नियम झाल्यावर नीडल हरवायच्या थांबल्या नाहीत. फक्त आता आम्ही एकमेकांच्या टेबलावर डोळा ठेवायला लागलो. मी जेवायला जाताना नीडल रुमालात बांधून न्यायची. सहा जणांची ती प्रयोगशाळा, पण एकानं दुसऱ्याला रिकामी टेस्ट ट्यूब उसनी द्यायचीसुद्धा पंचाईत.

आणि धैर्यशीलच्या हातून माझी पावडर तिसऱ्या फेरीला मेली, तेव्हा मलाही एकच गोष्ट सुचली. यानं मुद्दाम केलं. सरांकडे कायमच्या नोकरीची एकच जागा निघणार होती आणि ती एक तर मला किंवा त्याला मिळणार, हे भिंतींनाही माहीत होतं.

“धुताना घालवलीस ना पावडर?” मी त्याला जिन्यात गाठून विचारलं होतं.

“मी कशाला घालवू? माझ्यासमोर तिनं मान टाकली, त्याला मी काय करू?”

“माझ्याकडे अकरा फेऱ्या चालते आणि तुझ्याकडेच कशी मरते?”

“आगं, तू धुतेस तशीच धुतली. दोन येळा पाणी, एक येळ स्पिरिट. आणखी काय हळद-कुंकू लावू का तिला?”

“तुला ती जागा पाहिजे, धैर्यशील. सरळ सांग ना.”

तो गडहिंग्लजकडचा, नेहमी चेष्टेत बोलणारा. पण त्या वेळी त्याचा चेहरा उतरला. “पायजेच हाय,” तो म्हणाला, “पण अशी न्हाई.” मी त्याच्यावर काडीचाही विश्वास ठेवला नाही. त्या दिवसापासून पावडरची बाटली मी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी नेऊ लागले. सासूबाई विचारायच्या, हे काळं कसलं? मी सांगायची, मशेरी नाही, काळजी करू नका.

तर आता मी बाह्या वर करून, मोकळ्या हातांनी टेबलापाशी उभी होते. सरांनी धैर्यशीलनं वापरून मेलेली पावडर समोर ठेवली. फ्लास्क त्यांनी स्वतः आम्लात बुडवून, धुऊन आणला होता. पिवळं पाणीही त्यांनीच केलं होतं.

“ही मेलेली पावडर. सगळ्यांसमोर कर. हात माझ्या नजरेसमोरून हलता कामा नये.”

मी पावडर टाकली. रुमालातून माझी नीडल काढली, पाण्यानं आणि स्पिरिटनं धुतली, फ्लास्कमध्ये सोडली आणि बटण फिरवलं. पांढरी नीडल काळ्या पावडरीत लपेटून फिरायला लागली. बारीक बुडबुडे आले. आणि थोड्याच वेळात पिवळा रंग फिका पडत पडत गेला. पाणी पाण्यासारखं झालं.

कुणीतरी मागं दबक्या आवाजात “आयला” म्हणालं.

मला इतका आनंद झाला की, मी हसलेच. “बघा सर! मेलेली नाहीये ती. धैर्यशीलनंच काहीतरी—”

“हसू नकोस,” सर म्हणाले. ते फ्लास्ककडे बघतच नव्हते, माझ्या हातांकडे बघत होते. “मेलेली पावडर तुझ्याच हातात जिवंत होते. बांगड्या काढल्या तरी. म्हणजे पावडर दुसरीकडे कुठंतरी आहे.”

“कुठं असणार सर? साडीत?”

हे मी रागानं बोलले. पण त्यांनी खरंच माझ्या पदराकडे पाहिलं. त्या नजरेत वाईट काही नव्हतं, फक्त संशय होता. तरीही मी पदर खांद्यावरून ओढून कमरेला घट्ट खोचला. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी दात आवळून धरले होते.

“आता शेवटचं,” ते म्हणाले. “पावडर टाकायचीच नाही. नुसतं पिवळं पाणी आणि नीडल. काहीच नाही टाकलंस तर रंग जाता कामा नये. गेला, तर तू काय करतेस ते सगळ्यांना कळेल.”

फ्लास्क पुन्हा त्यांनीच आम्लात धुतला. पाणी त्यांनीच ओतलं. मी नीडल पुन्हा धुतली, पुसली, सोडली. बटण फिरवलं आणि दोन्ही हात पाठीमागं घेऊन भिंतीला टेकून उभी राहिले. लांब. मुद्दाम लांब. आता बघा म्हटलं, आता कुणी काही बोलू शकणार नाही.

पिवळं पाणी गरगरत होतं. मला त्यात काही दिसेना. मग बुडबुडे दिसले.

ते कुठून येतायत, मला कळेना. मी पुढे झुकले. सर ओरडले, “हात!” मी पुन्हा भिंतीला टेकले. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चिमूटभरही पावडर नसताना, ते पाणी फिकं होत गेलं. लिंबासारखं झालं, मग दुधाच्या साईसारखं, मग नितळ.

प्रयोगशाळेत कुणी हललं नाही. मला वाटलं, मला वेड लागलंय. मीच काहीतरी केलं असेल आणि मला आठवत नसेल, असंही एक क्षणभर वाटून गेलं. संशय अशी काही वस्तू आहे की, चार लोकांनी बराच वेळ आपल्यावर घेतला तर आपणही त्यात सामील होतो.

“झालं,” सर शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. “हातचलाखी आहे ही. कशी करतेस ते मला कळलं नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. निबंध मी आज मागं घेतो. तू उद्यापासून येऊ नकोस, ज्ञानदा. रजिस्ट्रेशनचं मी ऑफिसला कळवतो.”

“सर, मी काही केलं नाही.”

“सगळे हेच म्हणतात.”

“तुम्ही फ्लास्क धुतलात. तुम्ही पाणी केलंत. मी भिंतीला उभी होते, सर!”

“म्हणूनच म्हणतो, हातचलाखी.”

माझी चार वर्षं त्या टेबलावर गेली होती. मी घरी जाऊन काय सांगणार होते? पीएच.डी. सुटली, असं सांगितलं असतं तर कुणी जीव दिला नसता. पण कशावरून सुटली म्हणून विचारलं असतं आणि त्याचं उत्तर “मी लबाडी केली” एवढंच उरणार होतं. तो शिक्का पुसून मिळत नाही.

“सर, एक सांगू?” धैर्यशील म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता हा आणखी काय लावतोय, एवढंच मनात आलं.

“ती नीडल माझ्या फ्लास्कात टाकून बघूया.”

“कशाला?”

“मागं एकदा…” तो थांबला. “गणपतीच्या सुट्टीत मी कोरी चाचणी लावली होती. पावडर न घालता. असाच रंग गेला होता माझ्याकडं. मला वाटलं, फ्लास्कच घाण हाय. मी कुणाला बोललो न्हाई. पण त्या टायमाला नीडल हीच होती, सर.”

सरांनी फ्लास्कमधल्या नीडलकडे पाहिलं. मग त्यांच्यातला रसायनशास्त्रज्ञ त्यांच्यातल्या फौजदारापेक्षा एक पाऊल पुढं गेला असावा. ते म्हणाले, “टाक.”

धैर्यशीलनं चिमट्यानं नीडल उचलली. मी तर अजून भिंतीपासून हललेही नव्हते. त्यानं आपल्या फ्लास्कमध्ये नवं पिवळं पाणी घेतलं, नीडल सोडली, बटण फिरवलं. आम्ही सगळे त्याच्या टेबलाभोवती गोळा झालो. मीसुद्धा गेले.

रंग गेला.

सरांनी चिमटा त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावला. नीडल बाहेर काढली, टिपकागदावर ठेवली आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. मग भिंग माझ्याकडे दिलं. त्या दुपारभरात त्यांनी मला काही देण्याची ती पहिलीच वेळ होती.

मी पाहिलं. पांढऱ्याशुभ्र आवरणावर माझा ‘ज्ञ’ काळाभोर उमटला होता. मी कोरला तेव्हा तो धड दिसतही नव्हता, नुसते ओरखडे होते. आता छापल्यासारखा दिसत होता, गाठीसकट, शेपटीसकट. माझ्या पावडरीवरचं पॅलॅडियम पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच सुटून येत होतं आणि त्या चऱ्यांत जाऊन बसत होतं. वरून कितीही धुतलं तरी आतलं निघत नव्हतं. पावडर केव्हाच दमलेली असायची. पुढच्या सगळ्या फेऱ्या माझं नावच चालवत होतं. धैर्यशीलच्या नीडलवर ओरखडा नव्हता, म्हणून त्याच्याकडे पावडर वेळेवर मरत होती. खरा प्रयोग त्याचाच होता.

म्हणजे अकरा फेऱ्या खोट्या होत्या. पेढे खोटे होते. निबंध मागं घ्यायचाच होता. चार वर्षांतलं निम्मं काम पाण्यात गेलं होतं. आणि मला इतकं हलकं वाटलं, की मी त्या टेबलाला धरून खाली स्टुलावर बसले आणि चक्क रडले. काम गेलं तर गेलं, पुन्हा करता येतं.

सरही बसले होते. ते ‘ज्ञ’कडे बघत होते. कोरायचा हुकूम कुणी काढला, हे त्या खोलीत सगळ्यांना आठवत होतं आणि कुणीही ते बोललं नाही. सर काही म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ‘चुकलं’ म्हणायची मला अपेक्षा नव्हती. त्यांनी बांगड्यांची बशी बोटानं इंचभर माझ्याकडे सरकवली असती तरी मला चाललं असतं.

त्यांनी मान वर केली ती धैर्यशीलकडे.

“हिची नीडल तुझ्याकडे कशी आली?”

धैर्यशील आपल्या फ्लास्ककडे बघायला लागला.

“गणपतीच्या सुट्टीत. ही गावाला होती. खूण केलेली नीडल. तुझ्याकडे कशी?”

मला तेव्हा कळलं की, तो बोलायच्या आधी का अडखळला होता. गणपतीला जाताना मी घाईत नीडल ड्रॉवरमध्येच विसरले होते. त्याची स्वतःची हरवली होती, ओरडा बसेल म्हणून त्यानं माझी उचलली, काम केलं आणि गुपचूप परत ठेवली. एवढीच गोष्ट. पण नियम नियम होता आणि तो सरांनी सगळ्यांसमोर सांगितला होता. धैर्यशील तोंड मिटून उभा राहिला असता, तर मी गेले असते आणि जागा त्याची होती. तरी तो बोलला. मी शोधून पाहिलं, यात याचा काही डाव आहे का. कितीही शोधलं तरी सापडेना.

“बोल! चोर कोण ते आज—”

“मी दिली होती, सर,” मी म्हणाले.

सर माझ्याकडे वळले.

“गावाला जायच्या आदल्या दिवशी मीच दिली त्याला. त्याची नीडल सिंकमध्ये गेली होती. फ्लास्क ओतताना घसरली. मी म्हटलं, माझी वापर.”

यातला एक शब्द खरा नव्हता. सिंकचं तर तोंडाला आलं म्हणून बोलले. समोर सिंक होतं, म्हणून सिंक. आता हे म्हणणार, हात दाखव.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

“असं होय,” ते म्हणाले. “मग ठीक आहे. पण असं परस्पर देत जाऊ नका.”

बस्स. त्या दुपारी मी तासभर खरं बोलत होते, तेव्हा त्यांनी माझी नखं तपासली. आणि ढळढळीत खोटं बोलले, ते त्यांना एका घोटात पटलं.

संध्याकाळी जिन्यात धैर्यशील माझ्यासाठी थांबला होता. हातात कागदाची पुडी. बशीतल्या बांगड्या त्यानं त्यात बांधून आणल्या होत्या.

“का बोललीस?”

“तू का बोललास?”

“मी आपला…” तो जिन्याच्या कठड्याशी खेळत राहिला. “तुझं तोंड बगवंना, म्हणून.”

“माझी उचलताना विचारलं नव्हतंस.”

“विचारलं असतं तर दिली असतीस?”

नसती दिली. आम्ही दोघंही हसलो. मग तो एकदम थबकला. “पर ते सिंकचं तुला कसं सुचलं गं?”

“समोर होतं म्हणून. का?”

“काय न्हाई,” तो म्हणाला आणि परत वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा धैर्यशील सिंकखाली पालथा पडला होता. शेजारी पाना, बादली आणि सगळीकडे काळं, घाण पाणी. सिंकखालचं जुनं लोखंडी वाकडं नळकांडं त्यानं खोलून काढलं होतं. ते त्यानं बादलीवर आपटलं आणि आतून चिखलाचा एक गोळा बाहेर पडला. त्यानं तो नळाखाली धरला. चिखल वाहून गेला आणि हातात राहिला तो नीडलचा घोस. लहान, मोठ्या, पिवळट पडलेल्या, लोहचुंबकानं एकमेकींना आणि त्या नळकांड्याच्या लोखंडाला घट्ट धरून बसलेल्या. रेघ होती, फुली होती, दोन टिंबं होती. कोरायच्या आधीच्या बिनखुणेच्याही होत्या. आमच्या आधी शिकून गेलेल्यांच्यासुद्धा असतील. ज्यानं त्यानं आपापल्या हातानं, फ्लास्क ओतताना घालवलेल्या.

आम्ही सहाही जण त्या घोसाकडे बघत उभे राहिलो. मी कुणावर कुणावर संशय घेतला होता, ते मला मोजवेना. बाकीच्यांच्या तोंडांवरूनही तेच दिसत होतं. सिंकमधून पाणी मात्र वर्षभरात पहिल्यांदा सरळ खाली गेलं.

सर आले. धैर्यशीलनं घोस स्टीलच्या वाटीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवला.

“हे काय?”

“नीडल, सर. हरवलेल्या सगळ्या. सिंकच्या नळीत होत्या.”

सरांनी भिंग काढलं. एकेक नीडल उलटसुलट करून पाहिली. रेघ, फुली, टिंबं. आम्ही वाट बघत होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि वाटी बाजूला सारली.

“सिंकमध्ये टाकल्या कुणी?” ते म्हणाले.

आणि त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे निरखून पाहायला सुरुवात केली. धैर्यशीलकडे पाहिलं, त्याच्या शेजारच्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या तिघांकडे. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता.